साग, ऐन, किंजळ : सावित्रीच्या खोऱ्यातील वनशास्त्राचा मागोवा

महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावणारी सावित्री कड्याखालच्या खोल दरीतून पोलादपुरात उतरते, महाडच्या परिसरात गांधारी आणि काळ या नद्यांना पोटात घेते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे सदाहरित रान, उतारावर साग, ऐन, किंजळ, खैर, आणि पायथ्याला भाताची खाचरे, अशी या खोऱ्याची उतरंड आहे. सह्याद्रीत पाइन आपोआप कधी उगवला नाही. इथले सारे रान रुंद पानांचे आणि टणक लाकडाचे. तरीही गेली दीडशे वर्षे या रानाचा कारभार ज्या शास्त्राने चालवला, ते शास्त्र जन्मले जर्मनीतल्या पाइन आणि स्प्रूसच्या मुलखात. ते तिथून इथे कसे आले, येण्यापूर्वी इथे कोणता विचार होता आणि इथल्या मातीत रुजताना त्याचे काय झाले, हे पाहण्यासाठी आपण साडेतीनशे वर्षे मागे जाऊ. वाटेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटेल: झाड तोडण्यापूर्वी किती वर्षे थांबायचे, आणि ते कोणासाठी?

१६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि पाठोपाठ रायरीही घेतली. जावळीचे बळ तिच्या फौजेइतकेच तिच्या रानात होते. परक्या सैन्याला वाट सापडू न देणारे ते अरण्य म्हणजे एक किल्लाच होता, आणि किल्ल्याभोवतीचे रान राखणे हा त्या काळी युद्धनीतीचा भाग होता. रायरीचा रायगड झाला, १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला, आणि अष्टप्रधानांत रामचंद्र नीळकंठ हे तरुण अमात्य बसले. याच अमात्यांनी आयुष्याच्या उतरणीला, १७१५ च्या सुमारास, आज्ञापत्र लिहिले. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयीची जी कलमे आहेत, त्यांना आपल्याकडील वनव्यवस्थापनाचा एक जुना लेखी दस्तऐवज म्हणायला हरकत नसावी. गलबतांना साग, शिसव असे लाकूड लागते. ते राज्याच्या अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, पण त्याला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. जबरदस्ती करू नये. झाडाला लागणारा काळ, त्याचा मालक आणि राज्याची गरज या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात बसवणारा हा कारभारी, वनाधिकारी हे पद निर्माण होण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आता एक योगायोग पाहू. आज्ञापत्राच्या अवघी दोनच वर्षे आधी, १७१३ मध्ये, सॅक्सनीतल्या फ्रायबर्ग येथील खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने वनशेतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे आणि भोवतालचे डोंगर उघडे पडत चालले होते. जितके वाढते तितकेच तोडावे, म्हणजे तोड कायम चालू राहील, असे त्याचे सांगणे. एकाला जहाजे हवी होती, दुसऱ्याला भट्ट्या. एकमेकांची गंधवार्ता नसताना दोघेही झाडाच्या वयापाशी येऊन थांबले. पुढच्या वाटा मात्र फुटल्या. आज्ञापत्र दप्तरात राहिले. कार्लोवित्सच्या विचाराचे जर्मनीत शास्त्र झाले. हाइनरिश कोटा याने १८११ मध्ये आपली वनशाळा थारांट गावी नेली, आणि तिथून व तशाच इतर शाळांतून गणिताने रान मोजण्याची विद्या पसरली. ओक-बीचच्या मिश्र रानांचा हिशेब अवघड. तेव्हा ती काढून एकाच वयाचे, एकाच जातीचे पाइन किंवा स्प्रूस रांगेत लावायचे, क्षेत्राचे वर्षांइतके तुकडे पाडायचे आणि दरसाल एक तुकडा तोडायचा. रानाचे असे खातेवहीत बसणारे रूप प्रथम तिथे घडले.

इकडे सावित्रीच्या मुखावर इंग्रज अठराव्या शतकाच्या मध्यासच येऊन बसले होते. बाणकोटच्या किल्ल्याला त्यांनी व्हिक्टोरिया हे नाव दिले. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने सागाची जहाजे बांधून नाव कमावले. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली हे त्यांचे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभे आहे. सागाच्या लाकडातले तेल खिळ्याला गंज चढू देत नाही आणि वाळवीलाही दूर ठेवते. ओकपेक्षा साग सरस, हे आरमाराने ओळखले. गोदीचा मोठा पुरवठा मलबारातून होई, पण कोकणच्या खाड्यांतूनही लाकूड, सरपण आणि कोळसा मुंबईकडे जात असे. महाड हे त्या काळचे जागते बंदर. घाटावरून उतरणारा माल इथे होड्यांत भरला जाई. १८१८ च्या मे महिन्यात रायगड पडला आणि हे खोरे कंपनीच्या ताब्यात गेले. जिथपर्यंत भरतीचे पाणी पोहोचते, तिथपर्यंतचे डोंगर आधी उघडे झाले.

या उघडेपणाकडे पहिल्यांदा शास्त्राच्या नजरेने पाहिले ते अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टराने. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा तो अधीक्षक होता. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे जंगल खाते निघाले आणि गिब्सन त्याचा पहिला कॉन्झर्व्हेटर झाला. १८६० पर्यंत तो त्या पदावर होता. डोंगर बोडके झाले की झरे आटतात आणि गाळ खाड्यांत उतरतो, हे तो वरिष्ठांना बजावीत राहिला. त्याचा उत्तराधिकारी निकोल डॅल्झेल याच्यासह त्याने सिद्ध केलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोकणातल्या झाडांना शास्त्रीय नावांची सलग यादी मिळाली. मात्र गिब्सन ज्या दशकात बोलत होता, त्याच दशकात, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे रेल्वे धावली. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते. जहाजांनंतर सागाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, आणि ते पहिल्यापेक्षा भुकेले होते.

साग तोडणे सोपे होते. तो लावायचा कसा, हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली आणि त्याचा सहायक चातू मेनन यांनी निलंबूरला सागाचे बी रुजवून दाखवले आणि जगातले पहिले मोठे साग-रोपवन उभे राहिले. मग ब्रह्मदेशातून डिट्रिश ब्रँडिस आला. मूळचा बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ, १८५६ पासून पेगूच्या सागरानांचा कारभारी, १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यामागून श्लिख आणि रिबेनट्रॉप आले, तेही जर्मनच. कार्लोवित्स-कोटांची विद्या अशी तीन माणसांच्या हातून आपल्याकडे उतरली. १८६५ चा पहिला वनकायदा, १८७८ चा अधिक कडक कायदा, त्याच वर्षी डेहराडूनची वनशाळा आणि १९०६ मध्ये तिथलीच वनसंशोधन संस्था, ही या वाटेवरची ठाणी. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या डोंगरांवर हद्दीचे दगड उभे राहिले. राखीव आणि संरक्षित हे शब्द गावकऱ्यांच्या तोंडी आले. रानाचे ‘कूप’ पडले आणि कोणता कूप कोणत्या साली तोडायचा, हे कागदावर ठरले.

कागदावरच्या या रानात गावकऱ्यांचे एक जुने शास्त्र मात्र बसेना. ते समजून घ्यायचे तर माघ-फाल्गुनात कुणब्याबरोबर डोंगरावर जायला हवे. कोयता कमरेच्या आकडीला अडकवून तो ऐनाच्या झाडावर चढतो आणि खालून वर एकेक डहाळी उतरवीत जातो, पण शेंड्याचा झुबका राखतो, कारण तो गेला तर झाड खंगते. यंदा या झाडाचे, पुढल्या वेळी त्या झाडाचे, असे पाळीपाळीने ‘कवळ’ तोडायचे. मग भाताची रोपे करायच्या तुकड्यावर शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि वर बारीक मातीचा थर पसरून वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावायची. हा राब. राबाशिवाय तरवा जोमदार येत नाही, ही कोकणची पिढ्यान्पिढ्यांची समजूत. जंगल खात्याला मात्र त्यात ऐनाची खुरटलेली झाडे आणि जळून गेलेले लाकूड दिसले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारींचा डोंगर साचला, तेव्हा सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कवळ, राब आणि सरपण या गोष्टी सरकारी दप्तरात एवढ्या तपशिलाने क्वचितच उतरल्या असतील. वाद मिटला नाही, पण शेतीखात्याला तो प्रयोगाने तपासावासा वाटला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह केलेला राबाचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लाभ केवळ राखेचा नसून भाजल्याने मातीत जे बदल होतात त्यांचाही आहे, असे त्यांना आढळले. कुणब्याच्या समजुतीला प्रयोगशाळेची साक्ष मिळायला अशी पंचवीस वर्षे गेली.

राबाचे भांडण चालू असताना डोंगरावरच्या आणखी एका माणसाचे जगणे बदलत होते. खैराच्या गाभ्यापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांना राखीव रान बंद झाले. ते मालकी रानांत ठेकेदारांसाठी कोळसा पाडू लागले. नाचणी-वरीसाठी त्यांना डोंगरउतारावर ज्या जागा मिळाल्या, त्या ‘दळी’ म्हणून ओळखल्या जातात आणि त्यांच्या हक्काचा प्रश्न रायगडात आमच्या काळापर्यंत चालत आला. १९३० च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तेव्हा रानाची राखण कोणासाठी हा प्रश्न स्वातंत्र्याच्या लढ्याला येऊन मिळाला. दुसरीकडे खोत-सावकारांची मालकी राने सरकारी कूपांपेक्षा वेगाने तुटत होती. मालक उभे रान ठेकेदाराला विकी, ठेकेदार बुंध्यापासून तोडी. साग आणि ऐन यांच्या खोडक्याला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून काही वर्षांनी तेच रान पुन्हा विकता येई. असे चार-पाच वेळा झाले की धुमाऱ्यांचा जोर ओसरतो, मधली माती वाहून जाते, आणि साठ वर्षांचा साग व्हायची जागा मनगटाएवढ्या काठ्यांनी भरते. महाड-पोलादपूरच्या अनेक उतारांवर आज जे दाट पण बुटके रान दिसते, त्यामागे ही कहाणी आहे.

विसाव्या शतकात संशोधनाने सागाच्या लागवडीला हात घातला आणि एक साधी, नामी युक्ती रूढ केली. सागाचे बी कठीण कवचात असते. ते आळीपाळीने भिजवून-वाळवून फोडावे लागते आणि तरीही एकसारखे उगवत नाही. म्हणून रोप वर्षभर वाफ्यात वाढवायचे, उपटायचे, वरचे खोड दोन बोटे ठेवून छाटायचे, खालचे मूळ वीतभर ठेवून बाजूची मुळे तासायची. अंगठ्याएवढ्या जाडीच्या या काटकीला आपल्याकडे सागजडी म्हणतात. पाऊस लागला की पहारेने भोक पाडून ती ठोकायची आणि माती दाबायची, झाले. शेकडो जड्या एका गाठोड्यात बांधून डोंगरावर नेता येतात; रोपांच्या पिशव्यांची हमाली वाचते. याच सोयीमुळे निव्वळ सागाची रोपवने झपाट्याने पसरली, आणि मग त्यांच्या खोडी दिसू लागल्या. पावसाळ्यात एक अळी सागाची पाने पार खाऊन टाकते. दुसरी हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी उरवते. सागाच्या सुपाएवढ्या पानांवर पाऊस साठून मोठ्या थेंबांनी खाली आपटतो, आणि खाली झुडपे नसली तर माती सुटते. डेहराडूनच्या लॉरी आणि ग्रिफिथ यांनी १९४२ च्या आपल्या अहवालाचा विषयच निव्वळ साग-लागवडीची समस्या हा ठेवला होता. गंमत अशी की ज्या जर्मनीतून एकजातीय रानाची कल्पना आली, तिथे म्युनिकच्या कार्ल गायर यांनी १८८६ मध्येच मिश्र रानाची बाजू घेणारा ग्रंथ लिहिला होता. वादळ आणि कीड यांनी तिथल्या पाइन-स्प्रूसला धडा दिला होता; तो धडा आपल्यापर्यंत यायला अर्धे शतक लागले.

स्वातंत्र्यानंतर घाई वाढली. १९५२ चे वनधोरण, १९६४ चा महाराष्ट्राचा झाडतोड नियमन कायदा, १९७४ मध्ये वन विकास महामंडळ, १९७५ मध्ये खासगी वने सरकारजमा करणारा कायदा अशी पावले पडली. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये मिश्र राने काढून उत्पादक जाती लावण्याचा आग्रह धरला. त्याच दशकात शेजारच्या बस्तरमध्ये सालाचे जुने रान काढून उष्ण प्रदेशातला पाइन लावण्याची योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने आखली गेली आणि आदिवासींच्या विरोधाने बारगळली. पाइन सह्याद्रीत आला नाही, पण त्याच्या जातीचा विचार आला: लवकर वाढणारे झाड लावावे. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचे वेगळे खाते निघाले आणि कोकणच्या कातळावर, रस्त्यांच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी राहिली. ती खरोखर लवकर वाढते आणि मातीत नत्रही धरते. पण गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि तिच्या पाचोळ्याच्या जाड थरातून ऐन-किंजळाची रोपे सहजी वर येत नाहीत. १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेने वरकस डोंगरांवर आंबा-काजू चढवला. चारसूत्री भातलागवडीने गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात घालायला शिकवले, आणि ज्यांनी तो स्वीकारला त्यांचा राबाचा भार हलका झाला. शंभर वर्षे कायद्याला न जमलेली गोष्ट बांधावरच्या एका झुडपाने केली.

या सगळ्या उलथापालथीत खोऱ्यातली काही ठिकाणे कोणाच्याच कूपात आली नाहीत. गावोगावच्या देवरायांत कुऱ्हाड चालत नव्हती, आणि महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रातल्या वाळणकोंडीत वरदायिनीच्या नावाने मासेही राखले जातात. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांवर संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हा उमगले की आसपासच्या रानातून नाहीशा झालेल्या वेली आणि वृक्ष या छोट्या तुकड्यांत तग धरून आहेत. वनशास्त्रज्ञाला मूळ रानाचा नमुना हवा असतो, ज्याच्याशी लावलेल्या रानाची तुलना करता येईल. तो नमुना खात्याने राखलेला नव्हता. देवाच्या धाकाने गावाने राखला होता.

मग पावसाने या प्रश्नाला धार आणली. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. महाबळेश्वरला तेव्हा चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. झाडे तोडली म्हणून दरड आली, असे एका वाक्यात म्हणणे सोपे आहे, पण विषय तेवढा सरळ नाही. झाड आपल्या मुळांच्या खोलीपर्यंतची माती धरते. बेसॉल्टवरचा झिजलेला जाड थर पाण्याने फुगून मुळांच्या खालून सुटला, तर रानासकट उतार खाली येतो. मात्र वरची माती धरणे आणि पाण्याचा वेग मोडणे हे काम खोल मुळांचे, वेगवेगळ्या उंचीचे मिश्र रान करते. त्याच त्या खोडक्यावर पाचव्यांदा फुटलेल्या धुमाऱ्यांकडून किंवा खाली उघडी माती ठेवणाऱ्या निव्वळ सागाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. लाकूड किती, या प्रश्नाबरोबर कोणत्या उतारावर कोणते रान, हा प्रश्न आता महाड-पोलादपूरच्या वनसंशोधनापुढे उभा आहे.

इथवर आल्यावर आपण आजच्या टप्प्याकडे पाहू. १९८८ च्या वनधोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणाला पहिले स्थान दिले, संयुक्त वनव्यवस्थापनाने गावाला समितीत बसवले, २००६ च्या वनहक्क कायद्याने दळीधारकाला दावा करण्याचा मार्ग दिला. दापोलीचे वनशास्त्र महाविद्यालय स्थानिक जातींच्या रोपवाटिकांवर काम करते. जुन्या खोडक्यांवरचे अनेक धुमारे विरळून एक सरळ धुमारा ठेवणे, वणवा आणि चराई काही वर्षे आवरून आपोआप उगवणारी रोपे जगवणे, या स्वस्त आणि सिद्ध उपायांना पुन्हा मान मिळू लागला आहे. त्याच वेळी २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. रोपांची संख्या एका हंगामात सांगता येते. रान झाले की नाही, हे सांगायला तीस वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात कलेक्टर, मंत्री, ठेकेदार सारे बदलतात. अमात्यांनी ही अडचण ओळखून झाडाच्या बाजूने झाडाच्या धन्याला उभे केले. ब्रँडिसने त्या जागी खाते उभे केले. खाते टिकाऊ होते, पण डोंगरावर राहणारे नव्हते. म्हणून या खोऱ्यात पुढचे काम मोठ्या योजनेपेक्षा लहान आणि लांब पल्ल्याचे असायला हवे. प्रत्येक गावाच्या वेगवेगळ्या उतारांवर ठरावीक क्षेत्रे आखून द्यावीत. त्यांतला साग, ऐन, किंजळ आणि खालची माती दर पाच वर्षांनी मोजली जावी. आणि नोंदवही वनरक्षकाच्या बदलीबरोबर जाऊ नये म्हणून तिची एक प्रत ग्रामपंचायतीत असावी. निलंबूरच्या जुन्या रोपवनांनी जगाला सागाबद्दल जे शिकवले, ते तिथे कोणीतरी दीडशे वर्षे झाडे आणि नोंदी दोन्ही राखल्या म्हणूनच. महाड-पोलादपूरला साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे. तिला अशा नोंदीची जोड अजून मिळायची आहे.